बिडाची गिटार

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एका इलेक्ट्रिक गिटारचं नुसतं धड पडलं आहे. मान नाही, तारा नाहीत, रंग नाही. कमरेत दाबलेलं, वर दोन शिंगं आलेलं कोरं लाकूड. ऑनलाइन मागवलं की खोक्यातून असंच अर्धवट येतं, पुढचं ज्याचं त्यानं घरी करायचं. पाठीमागची कड बरगडीला टोचते, ती तुम्हाला उतरवायची आहे. मानेवर सूर पाडायला आडव्या बारीक धातूच्या कड्या असतात, ते पडदे; वरच्या पडद्यांपर्यंत बोटं पोचत नाहीत म्हणून खालचं शिंग आणखी आत कोरायचं आहे. तारांची थरथर पकडणारी चुंबकाची डबी असते, तिला पिकअप म्हणतात. एका पिकअपचा खळगा आहे, दुसऱ्याचा घ्यायचा आहे. आणि तारा शेवटी ज्या धातूच्या ब्रिजवर टेकतात, त्या ब्रिजसाठी दोन भोकं पाडायची आहेत. पटाशी उचला, मोगरी उचला. पहिला घाव कुठं घालाल?

कुठंही घाला. तुम्ही गाढव आहात.

हे नाथाजी जगदाळेचं मत आहे आणि ते तुम्ही पटाशी उचलायच्या आधीच झालेलं आहे.

कराडजवळ ओगलेवाडीला त्याची पत्र्याची शेड आहे. शेडच्या दारातून जो जो दिसतो, तो नाथाजीच्या हिशेबात कशात ना कशात नापास झालेला असतो. सुतार म्हणजे खिळे ठोकणारे. फर्निचरवाले म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्यांना कागद चिकटवणारे. इंजिनिअर म्हणजे ज्यांना कंपनी फुकट चहा पाजते ते. सांगलीकरांना हळदीपलीकडचा रंग कळत नाही, सातारकरांना पेन्शनीपलीकडचा विचार सुचत नाही, आणि विट्याचे गलाईवाले सोनं वितळवतात म्हणून देशभर मिरवतात. चिमूटभर सोनं कुणीही वितळवील, टनभर बीड वितळवून दाखवा म्हणावं. कराडकरांबद्दल तो बोलत नाही. त्यांच्यावर शब्द खर्च करावेत एवढी त्यांची लायकी त्याला अजून आढळलेली नाही.

एवढं बोलायला माणसाकडं काहीतरी असावं लागतं, आणि नाथाजीकडं होतं. तो पॅटर्नवाला. पंपाचं घर असो नाहीतर साखर कारखान्याचं चाक असो, बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतायचं तर आधी तसंच्या तसं लाकडात करावं लागतं. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबून अलगद उचलायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. पॅटर्न चुकला की त्यातून निघणारं प्रत्येक कास्टिंग चुकलं. म्हणून सबंध फाउंड्रीत मालकाशी वर मान करून बोलू शकणारा माणूस एकच असतो, पॅटर्नवाला. नाथाजीनं ती मान पुन्हा खाली घेतलीच नाही.

ह्या धंद्यात एक गंमत आहे. बीड थंड होताना आकसतं, मीटरमागं साधारण सेंटिमीटरभर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी गणित कोण करत बसणार? त्यापेक्षा पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते. आकडे नेहमीचेच, पण रेघा जरा जरा लांब मारलेल्या. त्या पट्टीवर मीटरभर मोजलं की खरं मीटर आणि वर एक सेंटिमीटर भरतं. पॅटर्नवाला तिनं मोजतो आणि विसरून जातो, बाकीचं बीड बघून घेतं. नाथाजीची पट्टी पोलादी, मीटरभर लांब, त्याच्या उस्तादानं दिलेली. बाकाच्या वर खिळ्याला टांगलेली असते. साधा टेप शेडमध्ये नव्हताच. साधा टेप शिंप्यांनी वापरावा.

ही पट्टी घरातही चालायची. पोरीची, सृष्टीची, उंची तो लहानपणापासून दाराच्या चौकटीशी उभं करून हिनंच मोजायचा. पुढं शाळेत मास्तरांनी मोजली तर पोरगी दीड सेंटिमीटर जास्त भरली. ती पळत घरी आली आणि म्हणाली, मी वाढले. नाथाजीनं तिला पुन्हा चौकटीशी उभं केलं, मोजलं आणि शाळेची पट्टी खोटी आहे असा निकाल दिला. आठवडाभरानं सृष्टी कंपासपेटीतली पट्टी घेऊन शेडमध्ये आली, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत राहिली. मग बापानं तिला बीड आकसण्याची गोष्ट सांगितली. तिला ती इतकी आवडली की शाळेत जाऊन तिनं वर्गाला सांगितलं, माझ्या आप्पांच्या पट्टीवर सगळं जग थोडं बुटकं आहे.

पोरगी हुशार निघाली. तिथवर ठीक होतं. मग ती सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला गेली आणि हॉस्टेलवरून गिटार वाजवायला शिकून आली. पदवी झाली, पुण्यात नोकरी लागली, आणि एक दिवस ती नोकरी सोडून बॅग घेऊन दारात उभी. बंगळुरूला हातानं गिटारी बनवणारी एक कार्यशाळा आहे, ते शिकाऊ माणसं घेतात. मला तिथं जायचंय, असं तिनं जेवताना सांगितलं. त्यांची अट एकच होती. घरी एक गिटार जुळवा, वाजवून रेकॉर्डिंग पाठवा. सूर खरा असला तर या.

नाथाजीनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली. मग विचारलं, की हे करायला पदवी कशाला लागली, ती त्या कॉलेजला परत करता येती का बघ. सृष्टीची आई, शालन, म्हणाली, की पोरीनं निदान तोंड उघडून सांगितलं तरी. तुमी पॅटर्न शिकायला पळून गेला तवा तुमच्या बाला चार दिवसांनी कळलं हुतं. नाथाजीनं ते ऐकलं नाही. त्याला जे ऐकायचं नसतं ते त्याला मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, मशीन बंद असलं तरी.

आणि मशीन तर बंदच असायचं. आता पॅटर्न कॉम्प्युटर कापतो, पिवळ्या फोमसारख्या ठोकळ्यात. त्याला नाथाजी साबण म्हणतो. फाउंड्रीवाले आता त्याच्याकडं फक्त जुने पॅटर्न दुरुस्तीला पाठवत, एखादा कान तुटलेला, एखादी कड झिजलेली. त्यामुळं दिवसभर बाकाशी बसून जगाला नापास करायला त्याला भरपूर वेळ मिळायचा. जोडीला असायचा बाळासो. हा पलूसकडचा, आयुष्यभर वाळूत साचे दाबणारा मोल्डर. दोघांनी एकाच फाउंड्रीत उमेदीची वर्षं घालवली होती. बाळासो रोज स्कूटरवरून यायचा, भुशाच्या पोत्यावर बसायचा आणि चहा होईपर्यंत नाथाजीचं ऐकून घ्यायचा. चहा झाला की ऐकून घेणं संपायचं.

सृष्टीचं खोकं आलं तेव्हा बाळासो हजर होता. पोरीनं धड काढून बाकावर ठेवलं. नाथाजीनं बोटाच्या पेरानं ते ठोकलं, हुंगलं, नखानं खरवडलं.

"ह्या लाकडाच्या पेटीतनं सफरचंदं आली असतील," तो म्हणाला.

"महोगनी हाय, आप्पा."

"कुणी सांगितलं?"

"साइटवर लिहिलंय."

"माझ्या दारावर उद्या राष्ट्रपती भवन लिहितो. तू ये बघायला."

सृष्टीनं दुसऱ्या खोक्यातून मान काढली, पडदे बसवलेली, तयार. मग तिनं स्वतः गुंडाळलेले पिकअप काढले. आईच्या शिलाई मशीनची मोटर लावून तिनं केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळली होती. ते बघून नाथाजीनं बाळासोला सांगितलं, की आमच्यात एवढी शिकलेली पोरगी पयलीच, तिनं भिंगरी फिरवायची कला आत्मसात केली. शेवटी तिनं एक मोठा कागद पसरला. चार कागद चिकटपट्टीनं जोडलेले, वर धडाचं चित्र, भोकांच्या जागा फुल्यांनी दाखवलेल्या. नाथाजीनं तो कागद दोन बोटांनी उचलला.

"कागद दमट हवेत फुगतो आणि उन्हात आखडतो. त्याच्यावर ठेवून मोजणार तू?"

एवढं म्हणून त्यानं कागदाची घडी घातली आणि बाकाच्या डगमगत्या पायाखाली सरकवली. बाक हलायचा थांबला. कागदाचा योग्य उपयोग झाला, असं त्याचं म्हणणं पडलं.

तरी दोन दिवस तो तिच्या कामात पडला नाही. ती आपली राऊटर, लाकूड कोरायचं विजेवरचं यंत्र, घेऊन खालचं शिंग कोरायला बसली. राऊटरचा आवाज शेडमध्ये नाथाजीला सहन होत नाही; दळण चाललंय असं त्याला वाटतं. दुसऱ्या दिवशी पातं लाकडाच्या रेषेच्या उलट गेलं आणि शिंगाच्या टोकाचा ढलपा उडाला. तांदळाच्या दाण्याएवढा. नाथाजी उठला, राऊटरची पिन काढली आणि धड आपल्या बाकावर ओढून घेतलं.

"ही गिटार तू करत न्हाईस," तो म्हणाला. "तू हिचा जीव घेतीयास. बाजूला सर."

मग करार झाला. तो कसा झाला हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नाथाजी म्हणाला, की लाकडाचं सगळं काम मी करतो. बाकीचं, तारा, डब्या, वायरी, तुझं. गिटार सुरात वाजली तर खुशाल जा. नाही वाजली तर ते खूळ डोक्यातनं काढायचं आणि साताऱ्याच्या कंपनीत माझ्या ओळखीनं जी जागा आहे तिथं गप जाऊन बसायचं. शालन दारात उभी होती, बाळासो पोत्यावर होता. सृष्टीनं ओठाला लागलेला भुसा पुसला.

"आणि चूक लाकडात निघाली तर?"

नाथाजी हसला. तो क्वचित हसतो आणि हसला की समोरच्याला बरं वाटत नाही.

"माझ्या लाकडात? केसभर चूक दाखव. मी सोता तुला बंगळुरूच्या गाडीत बसवून दीन."

"बाळासो काका, ऐकलं न्हवं?" सृष्टी म्हणाली.

"ऐकलं बाई," बाळासो म्हणाला. "लय दिवसांनी कायतरी ऐकण्यासारखं बोलला."

आता नाथाजीचा हात कसा चालतो हे सांगितलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल, आणि अन्याय करायचा हक्क त्यानं स्वतःकडं राखून ठेवलेला आहे. त्यानं शिंग करवतीनं रेषेच्या बाहेरून कापलं आणि कापलेला तुकडा फेकला नाही, फळीवर ठेवला. पाठीची कड गोल पटाशीनं उतरवली. कागदासारखे पातळ ढलपे निघत होते आणि प्रत्येक ढलप्यागणिक तो लाकडाला शिवी देत होता, की रेषा सरळ नाही, अंगात पाणी आहे, जातच हलकी आहे. शेवटी धड त्यानं पोटाशी धरून बघितलं. ते असं बसलं जणू पोट बघूनच कोरलंय. सृष्टीनं हात फिरवला आणि छान म्हणाली. छान म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. छान म्हणायला ती काय रांगोळी आहे?

मग दुसऱ्या पिकअपचा खळगा. तो घेताना नाथाजीनं खिळ्यावरची पट्टी काढली, मापं टाकली, कोपरे गिरमिटानं घेतले आणि मधलं लाकूड पटाशीनं काढलं. तळ आरशासारखा. सृष्टीनं डबी आत ठेवली. ती बसली, पण जराशी मऊ बसली. बोटानं ढकललं तर किंचित सरकत होती. नाथाजी म्हणाला, की रंगाला जागा नको का, रंग काय हवेत बसतो?

सृष्टीनं पिशवीतून तिचा डिजिटल व्हर्नियर काढला, बारीक मापं दाखवणारं बॅटरीवरचं यंत्र. त्याला नाथाजी खेळणं म्हणतो. बॅटरी संपली की ज्याचं ज्ञान संपतं ते खेळणं. तिनं त्याचे जबडे खळग्यात उघडले. छोट्या पडद्यावर आकडा उमटला. तिनं तो बघितला, की नुसतीच नजर गेली, हे नाथाजीला तेव्हा कळलं नाही, कारण तो तिच्याकडं बघतच नव्हता. तो ब्रिजचं माप टाकायच्या तयारीत होता. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून उतरतात त्याला नट म्हणतात; तिथून ब्रिजपर्यंत सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर हवेत. सगळ्या गिटारचं नशीब ह्या एका आकड्यावर असतं, कारण मानेवरचे पडदे त्याच हिशेबानं ठोकलेले असतात. एवढं सृष्टीनं त्याला आधीच सांगितलं होतं. नाथाजीनं मान धडात बसवली, पट्टी नटला टेकवली.

"आप्पा, पट्टी हीच?" सृष्टीनं विचारलं.

नाथाजीचा हात थांबला. चाळीस वर्षांत त्याला कुणी पट्टीबद्दल विचारलं नव्हतं. मालकांनी नाही, तपासायला येणाऱ्या साहेबांनी नाही. आणि ही, शिलाई मशीनवर तार गुंडाळणारी, त्याच्याच शेडमध्ये, बाळासोसमोर.

"ही पट्टी तुझ्या जन्माआधीची हाय," तो म्हणाला. "हिच्यावर अर्धा कराड तालुका पाणी उपसतोय. तुझं ते खेळणं ठेव आत."

सृष्टीनं व्हर्नियर बंद केला. त्याच्या डबीत ठेवला. डबीचं झाकण लावलं.

"बरं," ती म्हणाली.

नाथाजीनं खूण केली, खुणेवर टोचा मारला आणि ड्रिलखाली धड धरून दोन भोकं पाडली. सरळ, स्वच्छ, काठावर एक कुसळ नाही.

पुढचे दिवस सृष्टीचे. तिनं लाकडाला तेल दिलं, वायरी डागल्या, तारा चढवल्या. ज्या दिवशी वाजवायचं ठरलं त्या दिवशी बाळासो नेहमीपेक्षा लवकर आला आणि शालनसुद्धा कामाचं काही निमित्त न सांगता शेडमध्ये येऊन उभी राहिली. सृष्टीनं छोट्या स्पीकरला वायर जोडली आणि मोबाइलवर बघून एकेक मोकळी तार सुरात लावली. मग मोकळ्या तारा छेडल्या. गोड वाजल्या. नाथाजीनं बाळासोकडं बघितलं आणि भुवई उडवली. लाकूड सफरचंदाच्या पेटीचं, पण हात कुणाचा.

मग तिनं बोटं मानेवर वर वर नेली, आणि वाजणं बिघडलं. जितकं वर जावं तितका सूर उतरलेला. ऐकणाऱ्याला वाटावं, गिटार दमली आहे. तिनं ब्रिजवरचे छोटे स्क्रू फिरवून तार टेकायची जागा पुढं घ्यायला सुरुवात केली. घेत घेत स्क्रू संपला. सूर तिथंच.

नाथाजीला गाण्यातलं कळत नाही, पण कान आहे. आयुष्यभर त्यानं कास्टिंग हातोडीनं ठोकून ऐकली आहेत. आत चीर असली की ती बद्द वाजतात. हा आवाज तसाच होता. आत कुठंतरी खोट होती.

"मान," तो म्हणाला. "मान इकत आणलीयास न्हवं तू? तिथंच. आपल्याला नाचता येईना न्‌ म्हणं अंगण वाकडं, तशातली गत. साताऱ्याला सोमवारी फोन लावतो."

सृष्टीनं खिशातून पोलादी टेप काढला, साधा, दुकानात मिळतो तो. एक टोक नटला लावलं, दुसरं ब्रिजपर्यंत ओढलं आणि बाळासोला म्हणाली, काका, वाचा. बाळासोनं चष्मा नाकावर घेतला. सहाशे चोपन्न आणि अर्धा. नाथाजी पुढं झाला, खिळ्यावरची पट्टी काढली आणि त्याच जागी धरली. सहाशे अठ्ठेचाळीस. रेघेवर, बरोबर. तो विजयानं मागं वळणार तोच त्याची नजर खाली गेली. टेप आणि पट्टी शेजारी शेजारी पडल्या होत्या. सुरुवातीला रेघा जोडीनं चालल्या होत्या. मग एक जराशी मागं पडली. मग आणखी जराशी. शेवटाकडं त्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

बाळासो पोत्यावर परत जाऊन बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"नाथा," तो शेवटी म्हणाला, "गड्या, आधी सांगायचं न्हाईस व्हय. बिडाची गिटार वतायची हुती तर मी वाळू भिजवून आलो असतो."

शालन तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बाळासो पोत्यावरून घसरला तरी हसायचा थांबेना. वितळवून ओतली की थंड होऊन बरोबर सुरात येईल, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि वाजवायला मात्र क्रेन लागेल. नाथाजीनं पट्टी खिळ्याला परत टांगली. त्याला त्या क्षणी बाळासो मूर्ख वाटला, टेप हलक्या दर्जाचा वाटला, आणि उस्तादही, देव त्यांना शांती देवो, थोडे बेजबाबदारच वाटले, ज्यांनी पट्टीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत बीड म्हणून कोरून ठेवलं नाही. पण ह्या सगळ्यांना नापास करूनही एक माणूस उरत होता. त्याला नापास करायची नाथाजीला सवय नव्हती. ते काम त्याला नीट जमेना.

सृष्टी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, की लाकडात चूक आहे, दुरुस्त होईल, भोकं बुजवून परत पाडू.

बुजवायचं काम त्यानंच केलं. शिंगाचा ठेवलेला तुकडा त्यानं फळीवरून काढला, त्यातून दोन खुंट्या तासल्या, लाकडाच्या रेषा धडाच्या रेषेशी जुळतील अशा फिरवून ठोकल्या आणि वरून घासून सपाट केल्या. नंतर हात फिरवला तर खुंटी कुठं आहे हे बोटाला कळत नव्हतं. डोळ्यालाही उजेड तिरका असला तरच. नवं माप सृष्टीनं टाकलं, तिच्या टेपनं, आणि भोकंही तिनंच पाडली. नाथाजीनं फक्त धड धरलं. दुसरं भोक किंचित कललंय असं त्याचं आजही मत आहे. ते कुणाला दिसत नाही ही गोष्ट वेगळी.

ह्या वेळी सूर वरपर्यंत खरा राहिला.

तिनं रेकॉर्डिंग पाठवलं, सोबत फोटो, आणि खाली लिहिलं, लाकूडकाम वडिलांचं. तिकडून उत्तर आलं, ये. पुढं एक ओळ होती, की ब्रिजमागची ती भोकं कुणी बुजवली, आम्हाला फोटो मोठा करून बघावा लागला. सृष्टीनं ते बापाला वाचून दाखवलं. नाथाजी म्हणाला, जे लोक भोक बुजवल्याचं कौतुक करतात त्यांच्याकडं तू काय शिकणार. मग जरा वेळानं त्यानं विचारलं, की मोठा करून म्हणजे किती मोठा.

करार तो करार. बंगळुरूची गाडी सांगलीहून दुपारी सुटते. बाळासोनं पुतण्याची गाडी आणली होती आणि ताकारीपासून सांगलीपर्यंत तो बिडाच्या तबल्याबद्दल आणि बिडाच्या पेटीबद्दल बोलत होता. नाथाजी खिडकीबाहेर बघून सांगलीचे रस्ते, सांगलीचे फलक आणि सांगलीच्या लोकांची गाडी चालवायची पद्धत यांना एकेक करून नापास करत होता, पण त्याचं लक्ष त्यात नव्हतं. मागच्या सीटवर सृष्टी गिटारची काळी पिशवी मांडीवर आडवी घेऊन बसली होती. फलाटावर त्यानं तिची बॅग उचलून डब्यात ठेवली, कड्या ओढून बघितल्या, बाकाच्या फळीवर पेर ठोकलं आणि प्लायवूड म्हणून तोंड वाकडं केलं. मग तो खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

"आप्पा, कायतरी बोला की," ती म्हणाली.

त्याच्या तोंडाशी एक प्रश्न आला होता. तो त्यानं गिळला आणि पाण्याची बाटली घेतलीस का असं विचारलं.

आता ती दर रविवारी फोन करते. तिथं तिला घासायचं काम दिलंय, नुसतं घासायचं, त्यावर नाथाजीचं म्हणणं आहे, की कुणाच्या तरी डोक्यात अजून अक्कल शिल्लक आहे. तो तिथल्या जेवणाला नावं ठेवतो, हवेला नावं ठेवतो, आणि फोन शालनकडं देतो. शेडमध्ये आता बाकाच्या वर दोन खिळे आहेत. एकावर पट्टी, दुसऱ्यावर टेप. टेप सृष्टी विसरून गेली की ठेवून गेली, हेही त्यानं विचारलेलं नाही. बाकाचा पाय अजून त्या कागदाच्या घडीवरच उभा आहे. एकदा त्यानं ती घडी काढून फुल्यांवर टेप लावून बघितला. माप बरोबर होतं. त्यानं कागद परत घडी घालून होता तिथं सरकवला.

पण दुपारी शेडमध्ये कुणी नसलं, बाळासो जेवायला गेलेला असला, की तो पट्टी खाली काढतो, टेपशेजारी ठेवतो आणि दोन्हींच्या रेघा कुठं फुटतात ते बघत बसतो. चौकटीशी उभं राहून उंची मोजून घेणारी ती पोरगी, कंपासपेटीतली पट्टी घेऊन आलेली, बिडाची गोष्ट वर्गाला जाऊन सांगणारी. तिला ही पट्टी माहीत नव्हती असं कोण म्हणेल? चूक लाकडात निघाली तर, हे कलम करारात कुणी घातलं? तो नाही. मग त्या दिवशी खळग्यात जबडे उघडून तिनं आकडा वाचला होता का? वाचला असेल, तर व्हर्नियरचं झाकण लावून ती जे बरं म्हणाली, ते बापाचा मान राखायला म्हणाली, की त्याला भोक पाडू द्यायला?